थारसाठी हवेचा कॉम्प्रेसर घेताना : मुरबाडचा खडक ते समची वाळू

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जुलैपासून दिवाळीपर्यंत मी एका छोट्या यंत्राच्या मागे होते. ऑफ-रोडला, म्हणजे डांबर सोडून कच्च्या वाटेवर, गेल्यावर टायरमध्ये जागच्या जागी हवा भरता येईल, असा गाडीत ठेवायचा कॉम्प्रेसर. दुकानदार एक सांगत होते, आमच्या ऑफ-रोडच्या ग्रुपमधले मित्र दुसरं, जाहिराती तिसरंच. किंमती बाराशेपासून ऐंशी हजारांपर्यंत. नक्की काय बघून घ्यायचं हे कुणी एका जागी बसून सांगत नव्हतं. ज्यांच्यासमोर आता हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

आमची गाडी महिंद्रा थार, २०२२ ची, टायर २५५/६५ आर१८. आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो आणि मामांची शेती मुरबाडच्या पुढे आहे. डांबर संपल्यावर शेतापर्यंत जो रस्ता आहे त्यात आधी खडक, मग चिखल, मग एक ओढा आणि पुन्हा खडक. अशा रस्त्यावर टायरमधली हवा कमी केली की गाडी एकदम वेगळी चालते. टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते, आणि टोकदार दगडावर ताठ उभं राहून कापून घेण्याऐवजी तो दगडाला सामावून घेतो. आतल्या माणसांच्या कमरेलाही आराम पडतो. मी डांबरावर थंड टायरमध्ये ३० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते आणि मामांच्या रस्त्याला १८ ते २० वर आणते. (तुमच्या गाडीचा डांबरावरचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. माझा आकडा उचलू नका, तो वाचा.)

अडचण परतीची असते. कमी हवेच्या टायरवर डांबरी रस्त्यावर वेगाने जाता येत नाही. टायरच्या बाजू सतत वाकत राहतात, तापतात, आणि वळणावर गाडी अंगावर आल्यासारखी डोलते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शेतावरून संध्याकाळी निघालो. पहिल्या पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनवर गोणपाट टाकलेलं. पुढच्या पंपावर मशीन होतं, पण हवा भरणारा मुलगा घरी गेलेला. वर पाऊस, मागून ट्रकचे प्रखर दिवे, मागच्या सीटवर आई आणि मी तिशीच्या वेगाने डाव्या कडेने चाललेली. कल्याणच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याने चारही टायर भरून दिले, चाळीस रुपये घेतले. त्याचे आभार मानून निघाले तेव्हा हात थरथरत होते. त्या रात्रीच ठरवलं, आता हवा आपली आपण भरायची.

ऑगस्ट लागला आणि मी बाजार बघायला सुरुवात केली. सगळ्यात पहिली गोष्ट जाणवली ती ही, की जवळजवळ प्रत्येक खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात १५० पीएसआय लिहिलेलं असतं. ट्रकच्या टायरलाही साधारण ११०-१२० पेक्षा जास्त लागत नाहीत, मला तर ३० हवे होते. हा आकडा यंत्र जास्तीत जास्त किती दाबापर्यंत रेटू शकतं एवढंच सांगतो. तीस पीएसआयच्या मोठ्या टायरमध्ये ते दर मिनिटाला किती हवा कोंबतं, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. सायकलचा हातपंपसुद्धा शंभराच्या वर दाब देतो, पण त्याने थारचा टायर कोण भरणार?

म्हणून आधी मला किती हवा लागते ते काढायचं ठरवलं. भाचा बारावीला आहे, त्याला कागद-पेन घेऊन बसवलं. २५५/६५ आर१८ म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के आणि रिम १८ इंचांची. त्यावरून टायरचा बाहेरचा व्यास जवळजवळ ७९ सेंटिमीटर येतो. मोठ्या वर्तुळातून रिमचं वर्तुळ वजा केलं, रुंदीने गुणलं, रबराची जाडी आणि गोलाई यासाठी थोडं कमी केलं, की आतली जागा साधारण ६५ लिटर निघते. वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पीएसआय. म्हणजे टायरमध्ये एवढे पीएसआय वाढवायचे तर त्याच्या जागेइतकी बाहेरची हवा आत घालावी लागते. मला १८ वरून ३० वर जायचं, म्हणजे १२ पीएसआय. ६५ गुणिले १२ भागिले १४.७, उत्तर ५३ लिटर. चार टायरचे दोनशे दहाच्या थोडे वर.

हा कागद मी अजून गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. टायरचा आकार आणि किती पीएसआय वाढवायचे हे ठाऊक असेल तर कुणालाही आपला हिशोब पाच मिनिटांत काढता येतो. तो हातात आला की दुकानात विचारायचा प्रश्न बदलतो. 'किती पीएसआयचा आहे?' असं मी विचारायची थांबले आणि 'मिनिटाला किती लिटर?', 'किती अँपिअर खेचतो?', 'न थांबता किती वेळ चालतो?' असं विचारू लागले. यातल्या तिसऱ्या प्रश्नावर बरेच दुकानदार खोकं उलटंपालटं करून बघायचे.

वागळे इस्टेटमध्ये आमचे नेहमीचे टायरवाले काका आहेत. अलाइनमेंट, पंक्चर, सगळं त्यांच्याकडेच. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, माझ्या मशीनला टाकी आहे. हवा आधी साठते, मग भसकन जाते. तुमच्या डबीला टाकी नाही. ती जेवढं ओढेल तेवढंच देईल. डबी उचलण्याआधी तिची मोटर बघा आणि वायर बघा." मग त्यांनीच सुचवलं, ज्याच्या-ज्याच्याकडे पंप आहे त्यांच्याकडून मागून आणा, इथे एकाच टायरवर लावून बघू. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गर्दी कमी असते. मी ग्रुपमधून मिळतील ते पंप गोळा केले. काकांनी मागचा डावा टायर १८ वर आणला, स्वतःचं गेज लावलं, भाच्याने मोबाइलवर घड्याळ लावलं.

बॅटरीवर चालणारा, मुठीत मावणारा पंप सगळ्यांचा आवडता असतो, कारण वायर नाही, झंझट नाही. त्याने १८ वरून ३० वर जायला सात मिनिटं घेतली आणि दुसऱ्या टायरला मध्येच मान टाकली. हात लावला तर चटका बसत होता. स्कूटर, सायकल, शहरात दोन-चार पीएसआय वाढवायचे असतील तर तो उत्तम आहे आणि मी एक तसा घेणारही आहे. चार मोठे टायर भरणं हे त्याचं काम नाही.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा पंप साडेचार मिनिटांत पोचला. त्याच्या पाटीवर मिनिटाला ३५ लिटर लिहिलेलं होतं. आमच्या हिशोबाने ५३ लिटर साडेचार मिनिटांत, म्हणजे प्रत्यक्षात बारा लिटरच्या आसपास. बॅटरीला चिमट्यांनी जोडायच्या पंपाने पावणेदोन मिनिटांत टायर भरला. त्याच्या पाटीवर ७० लिटर होते, मोजून आले ३०. पाटीवरचा आकडा मोकळ्या तोंडाने, कुठलाही दाब नसताना हवा सोडली तर किती जाते त्याचा असतो. टायरमधली हवा उलट दाबायला लागली की तो घसरतो, आणि काही पंपांच्या पाटीवर मुळातच वाढवून लिहिलेलं असतं. तेव्हा पाटीवरच्या आकड्याचा तिसरा हिस्सा धरून हिशोब करा, फसगत होणार नाही.

सॉकेटचा पंप कमजोर का असतो, तेही काकांच्याच दुकानात उलगडलं. गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटला ठरावीक मर्यादा असते. बहुतेक गाड्यांत १२० किंवा १८० वॅट, म्हणजे दहा ते पंधरा अँपिअर. त्याहून जास्त ओढलं की फ्यूज उडतो. मोठ्या मोटरला २० ते ३० अँपिअर लागतात, जुळ्या सिलिंडरच्या काही पंपांना त्याहूनही जास्त. एवढा करंट सॉकेटच्या बारीक वायरीतून जाऊच शकत नाही, म्हणून मोठे पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायचे. लाल चिमटा आधी बॅटरीच्या अधिक टोकाला, मग काळा. चिमट्याच्या वायरीवर फ्यूज असलाच पाहिजे, आणि पंप चालू असेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी उतरते. इंजिन चालू ठेवायचं म्हणजे हे काम बेसमेंट पार्किंगमध्ये करायचं नाही. ठाण्यातल्या टॉवरमध्ये बहुतेकांची गाडी खालीच असते, म्हणून मुद्दाम लिहिते. धूर बंद जागेत साठतो आणि तो जिवावर बेततो. गाडी उघड्यावर घ्या, हँडब्रेक ओढा, मग बॉनेट उघडा.

बॉनेटखाली कायमचा बसवायचा कॉम्प्रेसर घ्यावा का, याचाही विचार केला. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचे असे कॉम्प्रेसर ऑफ-रोडवाल्यांमध्ये नावाजलेले आहेत, त्यांच्यावर डिफरेन्शियलचे एअर लॉकरही (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरायला लावणारी, हवेवर चालणारी सोय) चालतात. ग्रुपमधल्या एका दादांनी त्यांच्या गाडीतला दाखवला. बघत राहावं असं काम. पण मला मिळालेला भाव वायरिंग आणि बसवण्यासह तीस हजारांच्या वर होता, आणि माझ्या गाडीला एअर लॉकर नाहीत. शिवाय सुटा पंप मामांच्या पिकअपलाही वापरता येतो. दर शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्याने बसवून घ्यावा. महिन्याकाठी एखाद्या वेळी जाणाऱ्या माणसाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

आता खरेदी. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी एक चिमटेवाला पंप ऑनलाइन मागवला. ५,४९९ रुपये. वर्णनात ७० लिटर, तांब्याच्या जाड वायरी, पाच मीटर पाइप, एक वर्ष वॉरंटी. गणपतीच्या आधी येणार होता, पण कुरिअरवाले गणपतीच्या गडबडीत, आणि गौरी-गणपती गेल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो हातात पडला. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मी काढला होता. हे प्रत्येकाने करावं.

वायर हातात घेताच शंका आली, माझ्या मोबाइलच्या चार्जरच्या वायरीपेक्षा ती फारशी जाड नव्हती. टायरला लावला तर नोझलच्या जोडातून सूं आवाज येत होता. साबणाचं पाणी लावलं, फुगे आले. त्याहून वाईट म्हणजे त्याचं गेज. ते ३४ दाखवत होतं, काकांच्या गेजवर ३० आणि गाडीच्या डॅशबोर्डवरही ३०. म्हणजे पंपावर विश्वास ठेवून कुणी ३० वर थांबला तर टायरमध्ये खरे २६ असणार. खोक्यावर आयात कुणी केलं त्याचं नाव नाही, पत्ता नाही. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या वजनमापांच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. हे नसेल तर वॉरंटी कुणाकडे मागायची?

परत घ्या म्हटलं तर विक्रेत्याने उत्तर दिलं, इलेक्ट्रिकल वस्तू वापरल्यावर परत होत नाही, फक्त बदलून मिळेल. बदलूनही तोच माल येणार होता. पुढचे काही दिवस चॅटवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून सगळं सांगा. खूप चिडचिड झाली. घरच्यांचं म्हणणं, सोड आता, साडेपाच हजारच आहेत. मला ते पटेना.

मग माझ्या एका मैत्रिणीने, ती वकील आहे, रस्ता दाखवला. ई-कॉमर्ससाठी २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. प्रत्येक ऑनलाइन बाजारपेठेला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवाडा एका महिन्याच्या आत द्यायचा असतो. मी चॅट सोडलं आणि त्या अधिकाऱ्याला एक मेल लिहिला. ऑर्डर नंबर, तारीख, वर्णनाचा स्क्रीनशॉट, खोकं उघडतानाचा व्हिडिओ, दोन गेज शेजारी-शेजारी धरलेला फोटो, आयातदाराचं नाव नसलेल्या खोक्याचे सगळ्या बाजूंचे फोटो. मागणी एकच, पूर्ण पैसे परत. दुसऱ्या दिवशी पोच आली. मधे दोनदा 'तपासात आहे' असं आलं. सप्टेंबरच्या शेवटी कुरिअरवाला पंप घेऊन गेला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी पैसे खात्यात आले. यानेही काम झालं नसतं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाणार होते. तक्रारीत राग ओतू नका, पुरावे ओता. मेल वाचणाऱ्याला पाच ओळींत सगळं कळलं पाहिजे.

दुसऱ्यांदा मी ऑनलाइनच्या वाटेला गेले नाही. दसऱ्यानंतरच्या शनिवारी, ४ ऑक्टोबरला, सकाळीच काकांना घेऊन कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेले. गाडीच्या सामानाची तिथे रांगेने दुकानं आहेत. पार्किंगचा त्रास होतो, म्हणून अकराच्या आत पोचा. माझं गेज माझ्याजवळ होतं. ते मी मधल्या काळात वेगळं घेतलं होतं, डायलवालं, ७५० रुपयांचं, आणि काकांच्या गेजशी ताडून पाहिलं होतं. पंपावरच्या गेजवर कधीच विसंबून राहू नका. पंप चालू असताना पाइपमधला दाब टायरमधल्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ते तसंही पुढचा आकडा दाखवतं. पंप बंद करायचा, आपलं गेज लावायचं, मग ठरवायचं.

दोन दुकानांत खोकं उघडून लावून दाखवायला नकार मिळाला. तिसऱ्यात मालक म्हणाले, "गाडी इथे आणा मॅडम, लावून देतो." तिथेच घेतला. आधी काकांनी पंप हातात घेऊन तोलला. साडेचार किलोच्या आसपास होता. मग वायर दोन बोटांत धरून वाकवली, चिमट्याचे दात बघितले, सिलिंडरवरच्या थंड होण्याच्या पात्यांवरून अंगठा फिरवला आणि पाइपचं पितळी तोंड व्हॉल्व्हवर फिरवून पाहिलं. आटे स्वच्छ बसले, हवा अजिबात गळली नाही. पाटीवर होतं : १२ व्होल्ट, २४ अँपिअर, ७० लिटर, २० मिनिटं चालू आणि २० मिनिटं विश्रांती. वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज, बाजारात कुठेही मिळणारा. खोक्यावर आयातदाराचा भिवंडीचा पत्ता. गाडीच्या टायरवर लावला, दोन मिनिटांच्या आत १२ पीएसआय चढले.

८,६०० सांगितले, ८,२०० ला दिला, जीएसटीच्या बिलासह. बिलावर पंपाचा सीरियल नंबर लिहून घेतला आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का मारून घेतला. ऑनलाइन नोंदणी पंधरा दिवसांत करायची होती, ती त्याच रात्री केली. पंपाचं नाव देत नाही, कारण चीनमधून येणारं तेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रंगांत विकलं जातं आणि सहा महिन्यांनी त्याच नावाखाली आत दुसरंच काही असू शकतं. पाटी वाचा, वायर बघा, लावून बघा.

'२० मिनिटं चालू, २० विश्रांती' याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत, पण माझ्या मते लिटरइतकंच ते महत्त्वाचं आहे. हवा दाबली की ती तापते, सिलिंडर तापतो, मोटर तापते. छोटे पंप दहा मिनिटांत दमतात. माझं काम चार टायर म्हणजे पाइप हलवण्यासह दहा मिनिटांचं. म्हणजे एक गाडी आरामात, दुसऱ्या मित्राची पण होईल, तिसरी मात्र पंपाला थांबवून. चांगल्या पंपात तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते, ती आहे ना हे विचारून घ्या.

पहिला खरा उपयोग भाऊबीजेला झाला. आई दरवर्षी मामांकडे जाते, त्यामुळे २३ ऑक्टोबरला आम्ही शेतावर. डांबर संपतं तिथे एक मोठं आंब्याचं झाड आहे. जाताना तिथे हवा काढली, २० वर आणली. हवा काढायला व्हॉल्व्हचं झाकण उघडून काडीने दाबत बसण्यापेक्षा व्हॉल्व्हवर फिरवायचे, ठरलेल्या दाबाला थांबणारे पितळी डिफ्लेटर घ्या. चारचा संच मला सहाशे रुपयांना मिळाला. परत येताना त्याच झाडाखाली थांबलो. चिमटे लावले, इंजिन चालू, पंप जमिनीवर न ठेवता जुन्या रबरी मॅटवर. पंप धूळ ओढतो, ती पिस्टनला जाते. आई खाली उतरून गाडीला टेकून उभी राहिली आणि चौथा टायर भरून होईपर्यंत मामींनी दिलेले चिवड्याचे दोन घास खाऊन झाले होते. जुलैतला रस्ता तोच, पेट्रोल पंपही तेच दोन. या वेळी दोन्हीसमोरून मी न थांबता गेले आणि मला जो मोकळेपणा वाटला तो सांगता येणार नाही.

पाइप काढताना लक्षात ठेवा, पितळी तोंड तापलेलं असतं. हातमोजा किंवा फडकं जवळ ठेवा. आटे फिरवून काढेपर्यंत थोडी हवा जाते, म्हणून मी एक पीएसआय वर थांबते. आणि खडकातून आल्यावर टायर गरम असतात, गरम टायर थंड टायरपेक्षा जास्त दाब दाखवतो. सुमारे सहा अंश तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो. म्हणून रस्त्यात भरताना ३२ वर सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर पक्कं करायचं.

हेच गणित उलट्या बाजूने डिसेंबरात जैसलमेरला दिसलं. ठाण्यात दुपारी उकाड्यात ३० भरलेले टायर तिथल्या पहाटेच्या थंडीत डॅशबोर्डवर २७ दाखवत होते. ग्रुपमधले एकजण घाबरून पंक्चर शोधायला लागले. कुठेही गळत नव्हतं, नुसती थंडी होती.

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत १६ वर आलो. आमच्या साध्या रिमवर याहून खाली जायला मला भीती वाटते, कारण दाब फार कमी असताना जोरात वळण घेतलं की टायरची कड रिमवरून सुटते आणि मग हा पंप काही कामाचा नाही. वळणं सावकाश, ब्रेक सावकाश. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या आणि डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत गाडी घालू नका, तिथे माळढोक आहे. आपल्याकडे सराव करायचा म्हणून येऊरच्या जंगलातही जाऊ नका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांवरही गाडी न्यायला बंदी आहे. सराव कुणाच्या तरी शेतावर, त्यांची परवानगी घेऊन.

वाळूतून बाहेर आल्यावर आमची गाडी आधी भरली. मग दुसऱ्या एका थारची. तिच्या चौथ्या टायरला पंप स्वतःच बंद पडला, पाटीवरची वीस मिनिटं उलटून गेली होती. मित्र काळजीत पडले, पण तो त्याचा ठरलेला बचाव होता. चहा मागवला, बॉनेट उघडंच ठेवलं, वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा बटण दाबलं आणि टायर पुरा झाला. त्यानंतर ग्रुपमध्ये ठरलं, दर दोन गाड्यांमागे एक मोठा पंप असलाच पाहिजे.

घरी आल्यावर पंपाच्या हवा घेण्याच्या तोंडावरचा फोम काढला. आत बारीक, पिठासारखी वाळू अडकली होती. साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवला आणि मगच परत बसवला. ओला बसवायचा नाही. सिलिंडरमध्ये तेलही सोडायचं नाही, हे बिनतेलाचे पंप असतात, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. पाइप गुंडाळण्याआधी त्यात अडकलेली हवा सोडून दिली. पंप, गेज, डिफ्लेटर, व्हॉल्व्हच्या आतली सुई काढायचा छोटा पाना आणि दोन जास्तीचे फ्यूज, असं सगळं आता एका पिशवीत मागच्या सीटखाली असतं. एकूण खर्च दहा हजारांच्या आत झाला.